काळी मुसळी: न खोदता ओळखायची कशी आणि कुंडीत वाढवायची कशी

भाद्रपदात सोनकीने पिवळे झालेले उतार पाहायला सह्याद्रीत गर्दी लोटते. त्याच उतारांवर दोन-अडीच महिने आधी, पहिले चार चांगले पाऊस झाले की आणखी एक पिवळं फूल येतं आणि जातं. त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही, कारण ते घोट्याच्याही खाली असतं. ही काळी मुसळी. शास्त्रीय नाव कर्क्युलिगो ऑर्किऑइड्स, कुळ हायपॉक्सिडेसी. संस्कृत ग्रंथांत ती तालमूली या नावाने येते. जमिनीवरचा भाग हिवाळ्यात सुकून जातो, कंद मात्र जिवंत राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्यातूनच नवी पानं येतात. म्हणजे झाड बहुवर्षायू, दर्शन मात्र हंगामी.

वैद्यकात तिचा कंद नावाजलेला असल्यामुळे या झाडाची सगळी चर्चा जमिनीखालच्या भागाभोवतीच फिरते. "मुसळी आहे का बघू" म्हणत लोक सरळ काठी नाहीतर कोयता मातीत खुपसतात. याची काहीएक गरज नसते. पान आणि फूल नीट बघितलं तर ओळख पटायला कंद लागत नाही, आणि घरी वाढवायची असेल तर डोंगरावरचा कंदही लागत नाही.

कधी आणि कुठे शोधायची

मे अखेरीला वळीव झाला की कंद जागा होतो. पानं आणि फुलं जवळजवळ एकदमच वर येतात. जून ते जुलै हा फुलांचा मुख्य काळ. त्यानंतर फुलं तुरळक दिसतात, पण तोवर गवत गुडघ्यापर्यंत आलेलं असतं आणि त्यात हे फूल शोधणं म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. म्हणून माझा सल्ला असा: उतार नुकताच हिरवा होतोय, माती अजून अधूनमधून दिसतेय, तेव्हाच जा.

सगळा डोंगर पालथा घालू नका. उघड्या कातळावर, जिथे बोटभरही माती नाही, तिथे ती मिळणार नाही. तिचा कंद उभा खाली उतरतो, त्याला खोली लागते. दगडांच्या मधल्या फटीत साठलेली मुरमाड माती, कारवीच्या झुडपांची कड, विरळ झाडांखालचा गवताळ उतार, पायवाट खणताना बाजूला उभी राहिलेली दरड या तिच्या जागा. अर्धवट सावली तिला मानवते. दाट जंगलात पानं दिसतात पण फुलं कमी. दिवसभर रणरणत्या उन्हात असलेल्या माळावर मुळात झाडंच कमी.

उतार का, याचं उत्तर पाण्यात आहे. सह्याद्रीत चार महिने पाणी कोसळत असतं. सपाटीवर ते तुंबतं आणि मांसल कंद कुजतो. उतारावर भिजून झालं की पाणी पुढे निघून जातं. हे लक्षात ठेवा, कारण कुंडीतल्या मुसळीचं जगणं-मरणंही याच एका गोष्टीवर ठरतं.

सकाळची वेळ धरा. फूल तेव्हा ताजं असतं आणि तिरप्या उजेडात पिवळा ठिपका लांबूनही टिपता येतो. चालताना नजर पायापुढच्या चार-पाच हातांवर ठेवा. एक झाड सापडलं की जागेवरच थांबा आणि खाली बसून चहूकडे बघा. आसपास बहुधा आणखी असतात, आणि तुम्ही त्यांच्यावरच पाय देऊन उभे असण्याची शक्यता बरीच असते.

पान: अर्धी ओळख इथेच

फूल नसलं तरी पानावरून पुष्कळ काही कळतं. पानं थेट जमिनीतून निघतात, वर खोड असं दिसत नाही. लांबी साधारण १५ ते ४५ सेंटीमीटर, रुंदी एक ते अडीच सेंटीमीटर, दोन्ही टोकांना निमुळती. शिरा समांतर आणि ठसठशीत. पानाला उभ्या घड्या असतात, साडीच्या निऱ्या चापून बसवाव्यात तशा. पान बोटांत धरून आडवं ताणलं तर या घड्या थोड्या उलगडतात आणि सोडलं की परत बसतात. ही घडी म्हणजे या झाडाची सही आहे असं समजा.

आता पान डोळ्यांसमोर उजेडाच्या दिशेने धरा, अर्थात न तोडता. कडेला आणि पाठीवर विरळ, मऊ, लांबट केस दिसतील. पावसात हे केस चिकटून बसतात आणि दिसत नाहीत. पान हलकेच टिपून घेतलं की पुन्हा उभे राहतात. ज्यांना चष्मा लागतो त्यांनी दहापटीचं भिंग जवळ ठेवावं. जून-जुलैच्या भटकंतीत छत्रीखालोखाल उपयोगी वस्तू तीच.

पानाचं टोक कुठे जातं तेही पाहा. लांब पानं वाकून टोकाने मातीला टेकतात, आणि टेकलेल्या जागी कधीकधी मुळं फुटून छोटं पिल्लू तयार झालेलं असतं. असं पिल्लू दिसलं तर मनात नोंद करून ठेवा. लागवडीच्या भागात त्याचं काम आहे.

फूल: देठ दिसतो तो देठ नव्हे

पिवळ्याधमक सहा पाकळ्या, सपाट पसरलेल्या, आकार साधारण बंद्या रुपयाएवढा. बाहेरच्या पाकळ्यांची पाठ केसाळ आणि हिरवट झाक असलेली, त्यामुळे कळी मिटलेली असताना गवतात अजिबात उठून दिसत नाही. मधोमध सहा पुंकेसर. गुडघे टेकून तोंड फुलाच्या पातळीवर आणल्याशिवाय यातलं काही नीट दिसायचं नाही. गुडघ्याखाली एखादी प्लास्टिकची पिशवी घ्या.

पाकळ्यांच्या खाली बारीक, लांब, केसाळ दांडी दिसते आणि ती पानांच्या बेचक्यात मातीकडे जाते. कुणीही तिला फुलाचा देठ म्हणेल. प्रत्यक्षात ती बीजांडकोशाचीच, म्हणजे ज्याचं पुढे फळ होतं त्या भागाचीच, वर ताणली गेलेली मान आहे. खरा बीजांडकोश खाली, पानांच्या आवरणांमध्ये, मातीच्या पातळीला किंवा तिच्याही खाली लपलेला असतो. परागकण वर पडतो आणि त्याच्या नळीला ही सगळी मान उतरून खाली बीजांडापर्यंत पोचावं लागतं. पुढे फळही तिथेच धरतं, साधारण दीड सेंटीमीटरचं. त्यात एक ते चार बिया, काळ्या, चकचकीत, पृष्ठभागावर नागमोडी रेघांची खोदकामासारखी नक्षी.

म्हणून फूल खुडू नका. चिमटीत धरून जरा ओढलं की मानच तुटते, आणि मान तुटली की खालचं फळ गेलं. केसात माळायला किंवा फोटोपुरतं हातावर ठेवायला एक फूल घेतलं म्हणजे त्या झाडाच्या त्या वर्षीच्या मोजक्या बियांतला मोठा वाटा संपला. एका झाडावर फुलं थोडीच येतात आणि वरच्या काहींत तर नुसते पुंकेसर असतात, त्यांच्यातून फळ येतच नाही.

कशाशी गोंधळ होतो

सगळ्यात जास्त गोंधळ फोडशीशी होतो. फोडशी, कुलू, कोळू अशा नावांनी जी रानभाजी पहिल्या पावसात बाजारात येते ती क्लोरोफायटम या वेगळ्याच गटातली. तीही त्याच उतारांवर, त्याच आठवड्यात, जमिनीतून पानांचा झुबका काढून उगवते. फरक बोटांना कळतो. फोडशीचं पान गुळगुळीत, लुसलुशीत, केसविरहित; बुडाशी पांढरट. काळी मुसळीचं पान त्यामानाने कोरडं आणि चिवट, घड्या पडलेलं, केसाळ. फुलं आली की प्रश्नच मिटतो: फोडशीची फुलं पांढरी आणि उंच दांड्यावर.

नावातही गोंधळ आहे. सफेद मुसळी ही या क्लोरोफायटम गटातलीच. तिच्या एका जातीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम, आपल्या बोरिवलीवरून पडलेलं. काळी आणि सफेद मुसळी सख्ख्या बहिणी असाव्यात असं वाटतं, पण कुळंसुद्धा वेगळी आहेत. सफेद मुसळीच्या मुळांचा घोस असतो. काळीचा कंद एकच, उभा, बाहेरून काळपट आणि आतून पांढरा.

पिवळ्या फुलांतला खरा तोतया म्हणजे तिच्याच कुळातली हायपॉक्सिस ऑरिया. तिलाही सहा पिवळ्या पाकळ्या आणि गवतासारखी केसाळ पानं. मात्र पान फारच अरुंद, काही मिलिमीटरच, आणि फूल बारीक दांड्यावर वर उचललेलं. पाकळ्यांच्या लगेच खाली बीजांडकोशाचा फुगीर भाग जमिनीच्या वर दिसला, तर ती हायपॉक्सिस. तो दिसत नसेल आणि नुसती लांब मान मातीत जात असेल, तर काळी मुसळी. एवढी एक खूण पाठ केली तरी पुरे.

फूल नसताना शिंदीचं रोपही फसवतं. त्याचं पान ताठ, कडक, केस नसलेलं. रानहळदीची कोवळी पानं रुंद असतात, मधली शीर स्पष्ट असते आणि चुरगळली की वास येतो. गवताला पेरं असतात, मुसळीला नसतात.

एक इशारा देऊन ठेवतो. रानभाजी म्हणून फोडशी काढायला जाणाऱ्यांनी ओळख पक्की झाल्याशिवाय पानांचा झुबका उपटू नये. आणि काळी मुसळी ओळखता आली म्हणजे तिचं औषध घरी करता येतं असं नाही. कंदाची शुद्धी, मात्रा, कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे वैद्याचं काम. त्याबद्दल इथे मी काही सांगणार नाही.

फोटो आणि नोंद

चार फोटो पुरतात: फूल समोरून, फूल बाजूने (मान मातीत जाताना दिसेल असं), पानाच्या घड्या आणि केस मागून उजेड घेऊन, आणि चार पावलं मागे जाऊन सगळी जागा. बाजूचा फोटो बहुतेक जण काढत नाहीत, आणि ओळख पटवायला नेमका तोच लागतो. बुडाशी माती उकरून "कंद दिसेल असा" फोटो काढण्याचा मोह टाळा. पावसाच्या दिवसांत उघडा पडलेला कंद भिजून सडायला वेळ लागत नाही.

मोबाइलमध्ये पिवळा रंग जळतो. पाकळ्या म्हणजे नुसता पिवळा डाग, आतली रेघ न रेघ गायब. फुलावर बोट ठेवून फोकस करा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. ढगाळ दिवस असेल तर उत्तमच.

नोंदवहीत तारीख, अंदाजे उंची, उताराची दिशा, सावली किती आणि शेजारी काय उगवलंय एवढं लिहा. शेजारी आषाढ आमरी, भुईचक्र, फोडशी अशी मंडळी सापडली तर तीही लिहा, पुढच्या वर्षी जागा हेरायला उपयोगी पडतात. नोंद आयनॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर ठिकाण धूसर ठेवण्याचा पर्याय निवडा. कंदाला बाजार आहे, आणि नकाशावरचा नेमका ठिपका सगळ्यांनाच दिसतो.

कायद्याचं थोडक्यात. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगीशिवाय झाड, कंद काहीही काढता येत नाही. राखीव जंगलात भारतीय वन कायदा, १९२७ आडवा येतो. वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनोपजावर, म्हणजे जंगलातल्या लाकूड सोडून इतर उत्पन्नावर, हक्क दिला आहे तो आदिवासींना आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांना. रविवारी गाडी काढून गेलेल्यांना त्यात जागा नाही.

घरी वाढवायची तर

रोप किंवा कंद औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेतून घ्या. मे-जूनमध्ये, पानं फुटलेल्या अवस्थेत घेतलं तर वरची पानाची खूण तपासता येते. काष्ठौषधीच्या दुकानातले वाळवलेले तुकडे लावू नका, ते फुटत नाहीत. "डोंगरावरून ताजी आणलीय" असं सांगणाऱ्याकडूनही घेऊ नका. त्याचं कारण आता वेगळं सांगायला नको.

कुंडी किमान २५ ते ३० सेंटीमीटर खोल हवी. रुंदी कमी चालेल, खोली नाही. तळाला मोठी भोकं आणि त्यावर खापराचे तुकडे. मातीचं माझं मिश्रण असं: दोन भाग लाल माती, एक भाग जाडसर मुरूम किंवा धुतलेली जाड वाळू, एक भाग कुजलेला पालापाचोळा. नुसती काळी माती घालू नका, ती पावसाळ्यात चिखल होऊन कंद गुदमरवते. शेणखत घालायचंच तर पूर्ण कुजलेलं आणि मूठभर. मिश्रण भरल्यावर तांब्याभर पाणी ओतून बघा. पाणी वर साचून राहिलं तर मुरूम वाढवा. झरकन खाली उतरून भोकातून आलं तर मिश्रण जमलं.

कंदापासून लागवड करताना दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे करतात. वरच्या, डोळ्याकडच्या भागाचे तुकडे हमखास फुटतात. खालच्या भागाचे फुटले तर फुटले. स्वच्छ सुरीने कापा, कापलेल्या बाजूला राख लावा आणि सावलीत दिवसभर सुकू द्या. मग डोळा वर ठेवून दोन-तीन सेंटीमीटर खोल पुरा, दोन तुकड्यांत १० सेंटीमीटर अंतर. मृगाच्या आगेमागे लावलेले उत्तम. वर वाळक्या पानांचा पातळ थर द्या. त्यामुळे पावसाच्या माऱ्याने माती उडत नाही आणि तणही कमी येतं. एकच कंद असेल तर तुकडे करण्याची घाई नको, आहे तसा लावा.

कुंडी सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी ठेवा. केरळात नारळाच्या बागेत आंतरपीक म्हणून तिची लागवड करतात, यावरून तिला किती सावली चालते ते कळेल. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाका. ही सूचना किरकोळ वाटते, पण जुलैत ताटलीत साचलेलं पाणी हेच कंद कुजण्याचं सर्वांत साधं कारण आहे. पानं बुडाशी पिवळी पडून हलक्या हाताने सुटून आली तर समजा कूज लागली. कंद काढून मऊ भाग कापून टाका, राख लावून सुकवा आणि नव्या कोरड्या मिश्रणात लावा. गोगलगायी कोवळी पानं खातात. संध्याकाळी बॅटरी घेऊन वेचून काढणं हाच बिनखर्ची उपाय.

आता त्या पिल्लांकडे येऊ. जुलै-ऑगस्टमध्ये लांब, निरोगी पान निवडा. शेजारी ओल्या मिश्रणाची छोटी कुंडी ठेवा, पानाचं टोक वाकवून तिच्या मातीवर टेकवा आणि वर छोटा खडा ठेवा. टोक जमिनीत खोल पुरायचं नाही, मातीला नीट लागून राहिलं की बस. पान आईपासून तोडू नका. काही आठवड्यांत टोकाशी गाठ धरते, तिला मुळं फुटतात आणि मग बारीक पानं येतात. त्याला स्वतःची दोन-तीन पानं आली की जोडणारं पान कापायचं. सगळीच टोकं रुजत नाहीत, म्हणून चार-पाच पानं एकदम टेकवा. ही पद्धत मला कंद कापण्यापेक्षा कितीतरी बरी वाटते, कारण यात मूळ झाडाला धक्का लागत नाही.

बियांचा मार्ग धीराच्या माणसांसाठी आहे. फूल गळाल्यावर बुडाशी पानांच्या आवरणांत फळ चाचपून बघा. आवरण तपकिरी झालं की बी तयार. बी ताजं असतानाच पेरा. उगवण कमी आणि आगेमागे होते, तेव्हा कुंडी लगेच रिकामी करू नका.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागतात. हा रोग नव्हे, झोपेची तयारी आहे. पाणी हळूहळू कमी करा. पाणी देत राहिलात तर पानं काही काळ तग धरतात, पण कोरड्या डोंगरावरच्या झाडाला विश्रांती दिलेली बरी. पानं सुकली की कुंडी सावलीत, पाऊस-पाणी लागणार नाही अशी ठेवा आणि माती अगदीच भुकटी होऊ नये म्हणून महिन्यातून एखाद वेळा शिंपडा. मेच्या शेवटी वरचा दोन बोटं थर काढून नवा पालापाचोळा घाला आणि पाणी सुरू करा.

कंद काढण्यासाठीच लागवड केली असेल तर सात-आठ महिन्यांनी, पानं सुकल्यावर काढतात. वरचा डोळ्याचा भाग कापून परत लावायला ठेवायचा. नुसत्या फुलांसाठी वाढवत असाल तर दोन-तीन वर्षं कुंडी बदलायची गरज पडत नाही.

प्रत्येक कुंडीत नावाची पट्टी खोचा, आणि पिल्लं कुणाला द्यायची झाली तर पानं असताना, पावसाळ्यातच द्या. हिवाळ्यात दिलेली कुंडी घेणाऱ्याला रिकामीच वाटते आणि आठवडाभरात तिची माती मोगऱ्याच्या बुंध्याशी पडलेली असते.